नर्सिंगचं पहिलं वर्ष: इंजेक्शनच्या आधी काय शिकायचं असतं?

मुलगी बीएस्सी नर्सिंगला जाऊन चार महिने झाले की घरी येणारा प्रत्येक पाहुणा तिला एकच विचारतो, "इंजेक्शन द्यायला शिकलीस का गो?" ती "अजून नाही" म्हणते. पाहुण्यांचा चेहरा पडतो, आईचाही पडतो. अशीच एक आई मागे गोव्यातल्या साखळी गावाहून कॉलेजात आली होती. फार नम्रपणे, पण काळजीने म्हणाली, "मॅडम, चादर घालायला शिकवताय, समाजशास्त्र शिकवताय, इंग्रजी शिकवताय. पेशंटचं कधी शिकवणार?"

तिला तेव्हा उभ्याउभ्या जे सांगितलं, ते इथे बसून नीट सांगते. वॉर्डात बरीच वर्षं काढली, आता शिकवते, आणि मला मनापासून वाटतं की या चार वर्षांत सगळ्यात कमी समजलं जाणारं वर्ष पहिलंच आहे. खुद्द मुलींनाही ते उशिरा समजतं. मुलं आता नर्सिंगला येतात, त्यांनाही. सवयीने मी "मुली" म्हणते एवढंच.

आधी आराखडा. इंडियन नर्सिंग कौन्सिलने २०२१मध्ये हा अभ्यासक्रम नव्याने आखला. चार वर्षं, आठ सेमिस्टर. चौकट देशभर एकच, त्यामुळे बांबोळीच्या इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशनमधली मुलगी आणि कोल्हापूरची मुलगी पहिल्या वर्षी तेच विषय शिकतात. पहिल्या सेमिस्टरला इंग्रजी संभाषण, अॅनाटॉमी (शरीराची रचना), फिजिऑलॉजी (शरीराचं काम), समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि नर्सिंग फाउंडेशनचा, म्हणजे शुश्रूषेच्या पायाभूत कामांचा, पहिला भाग. दुसऱ्याला बायोकेमिस्ट्री, पोषण आणि आहारशास्त्र, फाउंडेशनचा दुसरा भाग आणि संगणकाशी संबंधित एक विषय. यादी वाचली की वाटतं, कुणीतरी दहा पुस्तकं एका पिशवीत कोंबलीत.

या यादीत रोगाचं नाव असलेला एकही विषय नाही. जंतू, औषधं, रोगाने शरीरात होणारे बदल, हे सगळं तिसऱ्या सेमिस्टरला सुरू होतं. पहिलं पूर्ण वर्ष जातं ते धडधाकट माणूस कसा असतो हे शिकण्यात. नाडी किती, श्वास किती, लघवी किती, झोप कशी, भूक कशी, कातडीचा रंग कसा, घाबरला तर कसा बोलतो.

कारण सोपं आहे. डॉक्टर राउंडला येतात, पेशंट बघतात, पुढच्या वॉर्डात जातात. चोवीस तास त्या खाटेजवळ असते ती नर्स. पेशंटची तब्येत बिघडते ती बहुतेकदा हळूहळू, तासातासाने, आणि पहाटे तीनला त्याची पहिली खूण दिसते तेव्हा तिथे जागं असलेलं माणूस तीच असते. "हा संध्याकाळी होता तसा आत्ता नाही" हे तिला कळलं पाहिजे. ज्याला नेहमीचं काय ते पक्कं ठाऊक नाही, त्याला वेगळं काय ते दिसणारच नाही. पहिल्या वर्षाचे सगळे विषय या एका कामाला जुंपलेले आहेत.

एक उदाहरण अगदी जवळून दाखवते. श्वास मोजणं.

मोठ्या माणसाचा विसाव्याचा श्वास मिनिटाला १२ ते २०. यात शिकण्यासारखं काय असं वाटतं, पण वॉर्डातले चार्ट बघा. कित्येक ठिकाणी ओळीने २०, २०, १८, २०. तापाला थर्मामीटर आहे, बीपीला यंत्र आहे, बोटाला लावायचं ऑक्सिजनचं क्लिप आहे. श्वासाला घड्याळ आणि डोळे यांपलीकडे काही नाही, म्हणून घाईत तोच आकडा अंदाजाने लिहिला जातो.

मीही लिहिला होता. विद्यार्थिनी असताना, सकाळची ड्यूटी, बारा पेशंट, आणि मी एका आजोबांचा श्वास न मोजता २० लिहिला. वॉर्डच्या सिस्टरांनी चार्ट हातात घेतला, मला काही बोलल्या नाहीत, फक्त त्या खाटेजवळ नेऊन उभं केलं आणि म्हणाल्या, "मोज." मी मोजले. ३२ होते. आजोबा उशीला टेकून शांत बसले होते, विचारलं तर "बरें आसा" म्हणत होते. दुपारपर्यंत त्यांना ऑक्सिजन लावावा लागला, न्यूमोनिया होता. त्या सिस्टर पुढे कधीही त्याबद्दल बोलल्या नाहीत. तो चुकीचा आकडा माझ्या अक्षरात होता आणि तो मला आजही दिसतो.

आता हाच श्वास पहिल्या वर्षातल्या किती विषयांतून जातो ते पाहा.

फिजिऑलॉजी सांगते की श्वासाची गती ठरवणारं केंद्र मेंदूच्या देठात आहे आणि त्याचं सर्वांत बारीक लक्ष रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवर असतं. तो वाढला की रक्त आम्लाकडे झुकतं, आणि मेंदू श्वास वाढवून तो बाहेर टाकायला लावतो. दुसऱ्या सेमिस्टरला बायोकेमिस्ट्री यात भर घालते. मधुमेहात इन्सुलिन फारच कमी पडलं की शरीर चरबी जाळायला लागतं, त्यातून आम्लं तयार होतात, आणि ती भरून काढायला पेशंट खोल, जोरजोरात श्वास घेतो. फुप्फुसं ठणठणीत, तरी श्वास वाढलेला. हे माहीत असलेली मुलगी वाढलेला श्वास बघून फक्त दम्याचा विचार करत नाही. म्हणूनच फुप्फुस, हृदय, मूत्रपिंड, रक्त यांतलं कुठेही बिघडलं तरी श्वासाचा आकडा अनेकदा बीपीच्या आधी हलतो.

फाउंडेशन सांगतं तो मोजायचा कसा. पेशंटला सांगायचं नाही, कारण सांगितलं की माणूस श्वास बदलतो. नाडी बघायला मनगट धरायचं, नाडी मोजून झाली तरी हात सोडायचा नाही, आणि नजर छातीवर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजायचं. किती, याबरोबर कसा हेही लिहायचं: उथळ की खोल, एकसारखा की अडखळत, मानेचे स्नायू ओढले जातायत का. मानेचे आणि बरगड्यांमधले स्नायू कुठले, ते अॅनाटॉमीत आलेलं असतं.

आणि ते "बरें आसा"? ते मानसशास्त्राच्या वर्गातलं. आमच्याकडे वयस्क माणसं हॉस्पिटलात तक्रार करणं म्हणजे कुणाला त्रास देणं समजतात. सिस्टरची धावपळ दिसत असते, मुलगा गल्फहून रजा काढून आलेला असतो. "कसं वाटतं" विचारलं तर उत्तर ठरलेलं. म्हणून मुलींना शिकवतो की होय-नाही उत्तर येईल असं विचारू नका. "रात्री आडवं झोपता आलं, की बसून काढलीत?" असं विचारा. "संडासपर्यंत जाऊन आलात तेव्हा मध्ये थांबावं लागलं?" असं विचारा. खरं उत्तर तिथे मिळतं.

एका श्वासात पाच विषय झाले. म्हणून कुणी म्हणालं की मानसशास्त्राचा नर्सिंगशी संबंध काय, तर मला खरंच वाईट वाटतं.

चादरीकडे येते, कारण साखळीच्या त्या आईचा राग मुख्यतः चादरीवर होता. पहिल्या महिन्यांत स्किल लॅबमध्ये मुली पलंग घालतात, काढतात, पुन्हा घालतात. रिकामा पलंग, पेशंट झोपलेला असतानाचा पलंग, ऑपरेशनहून येणाऱ्यासाठीचा पलंग. कोपरे दुमडायची एक ठरलेली पद्धत, वर मेणकापड, त्यावर आडवी ड्रॉ शीट. बघणाऱ्याला हॉटेलातलं काम वाटतं. पण जो माणूस स्वतः कुशीवर वळू शकत नाही, त्याच्या माकडहाडावर, टाचांवर, खुब्यांवर सगळं वजन तासन्‌तास पडतं. तिथे हाड आणि कातडी यांमध्ये मांस कमी. दाबाने बारीक रक्तवाहिन्या चेपतात, रक्त पोचत नाही, कातडी आधी लाल होते आणि मग मरायला लागते. चादरीची एक सुरकुती, घामाने ओली राहिलेली ड्रॉ शीट, पेशंटला उचलायच्या ऐवजी ओढणं, यांनी ते लवकर होतं. एकदा व्रण झाला की भरायला आठवडे, कधी महिने. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, आणि बदलताना ती हाडाची टोकं डोळ्यांनी बघायची. लाल झालेल्या जागी बोट दाबून सोडायचं. लाली क्षणभर फिकी होऊन परतली तर रक्त अजून फिरतंय. दाबूनही लाली तशीच राहिली तर नुकसान सुरू झालंय, लगेच सांगायचं. सावळ्या कातडीवर ही लाली नीट दिसत नाही. तिथे हाताला लागणारा गरमपणा आणि कडकपणा बघायचा. आपल्याकडे हे जास्त महत्त्वाचं, कारण पुस्तकातली चित्रं बहुतेक गोऱ्या कातडीची असतात.

पलंग घालता घालता ती मुलगी पेशंटची पाठ रोज बघायला शिकते. तेवढ्यासाठी तो तास आहे.

पोषण आणि बायोकेमिस्ट्री यांची विद्यापीठाची परीक्षा एकत्र होते, आणि ते फार योग्य आहे. गोव्यातलं याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे शहाळं. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) किंवा मडगावच्या जिल्हा हॉस्पिटलात भेटायच्या वेळी बघा, दर दुसऱ्या माणसाच्या हातात शहाळ्याच्या पाण्याची बाटली असते. आजाऱ्याला शहाळं द्यायचं, हे आपल्या हाडात आहे, आणि बहुतेक पेशंटना ते चालतंही. पण ज्याची मूत्रपिंडं काम करेनाशी झालीत त्याच्यासाठी तीच बाटली धोक्याची. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. एका मोठ्या ग्लासात केळ्याइतकं किंवा त्याहूनही जास्त असू शकतं. निरोगी माणसाचं जादा पोटॅशियम लघवीतून निघून जातं. लघवीच कमी होत असेल तर ते रक्तात साठतं. रक्तात त्याची पातळी साधारण ३.५ ते ५ मिलिमोल प्रति लिटर एवढ्या अरुंद पट्ट्यात राहावी लागते, आणि ती फार चढली तर हृदयाचे ठोके बिघडून हृदय थांबूही शकतं.

डॉक्टरांनी फाइलमध्ये आहार लिहिलेला असतो. बाटली येते भेटायच्या वेळी, डॉक्टर नसताना. ती बघणारी नर्स. आणि नुसतं "देऊ नका" म्हणून भागत नाही. प्रेमाने आणलेली गोष्ट नाकारल्यावर माणसं दुखावतात आणि सिस्टर वळली की पाजतात. "त्यांची किडनी यातला एक क्षार बाहेर टाकू शकत नाही, तो हृदयावर जातो, डॉक्टरांशी बोलून काय चालेल ते मी सांगते" एवढं शांतपणे समजावता आलं पाहिजे. मिठाचंही तसंच. बीपीच्या किंवा हृदयाच्या पेशंटला मीठ कमी सांगितलं की घरचे डाळीत मीठ घालत नाहीत, आणि पेजेबरोबर खारं सुकं मासं नि मिस्कूट, म्हणजे कैरीचं लोणचं, वाढतात. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या निरोगी माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक चमचा. ते पेजेच्या एका जेवणात संपू शकतं. उकड्या तांदळाची पेज स्वतः मात्र चांगली. उकडताना सालाकडची ब जीवनसत्त्वं दाण्यात मुरतात, त्यामुळे कांडल्यावरही बरीच शिल्लक राहतात. आहारशास्त्राचं पुस्तक ओट्स आणि सूप सांगेल. मुलीने त्यातून पेज, सोलकढी, नाचणी, तर्री कमी केलेलं हुमण (माशांची आमटी) असं भाषांतर स्वतः करायचं असतं. या भाषांतराचे मार्क परीक्षेत नाहीत, पण पेशंट जेवेल की नाही ते यावर ठरतं.

समाजशास्त्रात कुटुंब, जात, धर्म, स्थलांतर, गरिबी असे धडे येतात, आणि पाठांतर करून मुली सुटतात. वॉर्डात मात्र त्याच धड्यांची माणसं खाटेवर असतात. सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या आतल्या वाड्यावरून पहिल्या कदंब बसने आलेली बाई, तिला दुपारी चारनंतरची अपॉइंटमेंट दिली तर ती परत येणार नाही. उत्तर कर्नाटकातून बांधकामावर आलेला मजूर, जो कोकणी-मराठी दोन्ही जेमतेम समजतो आणि रोज बुडतो म्हणून दुसऱ्याच दिवशी डिस्चार्ज मागतो. मधुमेह असून श्रावण पाळणारी आजी, ईस्टरआधीच्या लेंटमध्ये उपास करणारे मिंगेल अंकल. "हे सांगितलेलं ऐकत नाहीत" असा शेरा फाइलमध्ये लिहिणं सोपं. का ऐकत नाहीत ते शोधणं, हे त्या विषयाचं काम.

भाषेचं मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण आमच्या मुली इथेच अडतात. अनेकजणी चौथीपर्यंत मराठी शाळेत, मग इंग्रजी माध्यम. मार्क ठीक, पण बोलायची वेळ आली की घसा कोरडा. पुस्तकं इंग्रजीत, डॉक्टरांशी बोलणं इंग्रजीत, पेशंटशी कोकणीत, मराठीत, हिंदीत. पेशंट म्हणतो "घुंवळ येता", ते चार्टवर इंग्रजीत उतरवायचं. पण चक्कर म्हणजे नेमकं काय? उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, की खोली फिरतेय, की तोल जातोय? तिन्हींची कारणं वेगळी. आधी पेशंटच्या भाषेत नीट उलगडून घ्यायचं, मगच भाषांतर.

इंग्रजी बोलायला घाबरणाऱ्या मुलींना मी रात्रीच्या फोनची चौकट पाठ करून घेते. चार पायऱ्या आहेत: आत्ता काय झालंय, पेशंट कशासाठी दाखल आहे, मला काय दिसलं, मला काय हवंय. "खाट नंबर ९, श्वास ३२ झालेत. परवा आतड्याचं ऑपरेशन झालंय. संध्याकाळी श्वास १८ होते, आता ताप १०१, पेशंट थोडा गोंधळलेला वाटतो. तुम्ही लगेच येऊन बघावं." पाऊण मिनिटाचं बोलणं, व्याकरण चुकलं तरी चालेल. आकडे चुकता कामा नयेत. फाउंडेशनच्या पुस्तकात निरीक्षण, निदान, नियोजन, कृती आणि पडताळणी अशी नर्सिंगच्या प्रक्रियेची पाच नावं असतात. ती मुलींना कंटाळवाणी वाटतात. हा फोन म्हणजे त्यातली पहिली तीन पावलंच आहेत.

प्रथमोपचार पहिल्याच सेमिस्टरला होतात. संगणकाचा विषय सोपा आहे, निघून जातो. हात धुणं मात्र इतक्या वेळा करून घेतलं जातं की मुली वैतागतात. साबण-पाण्याने एकूण ४० ते ६० सेकंद, अल्कोहोलच्या द्रावणाने २० ते ३०. अंगठा आणि बोटांची टोकं हमखास राहतात. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात १८४७मध्ये सेमेलवाइस या डॉक्टरने क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने खाली आले. जंतूंचा सिद्धांत तेव्हा मान्यही झालेला नव्हता. इतकी जुनी आणि इतकी सिद्ध गोष्ट आजही घाईत पहिली सुटते, म्हणून तो वैताग सोसायचा.

आणि इंजेक्शन? ते येतं, दुसऱ्या सेमिस्टरला, आधी पुतळ्यावर. तोवर मुलीला कळलेलं असतं की कुल्ल्याच्या आतून पायाकडे जाणारी सायटिक नस किती जाड आणि कुठून जाते, आणि चुकीच्या जागी सुई गेली तर पाय लुळा पडू शकतो. पेशंट बरोबर, औषध बरोबर, मात्रा बरोबर, मार्ग बरोबर, वेळ बरोबर, आणि दिल्यावर नोंद. सलाइनचं गणितही इथेच येतं. ५०० मिली ४ तासांत द्यायचंय, सेटचे २० थेंब म्हणजे १ मिली; तर ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. बारावीला गणित सोडलेल्या मुली याला घाबरतात, पण रोज दोन उदाहरणं केली तर महिन्याभरात बसतं. सुई टोचून झाली की टोपण परत लावायचं नाही, सरळ टोकदार वस्तूंच्या पांढऱ्या डब्यात. चुकून स्वतःला टोचली तर जागा पिळायची नाही, वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवायची आणि त्याच क्षणी सांगायचं. लाजून किंवा ओरडा बसेल म्हणून लपवायचं नाही, कारण एचआयव्हीविरुद्धची औषधं जितकी लवकर तितकी उपयोगी आणि ७२ तासांनंतर सुरूच करत नाहीत.

पालकांनी एक समजून घ्यावं. हे वर्ष अंगावर येतं. पहिल्या सेमिस्टरच्या फाउंडेशनलाच थिअरीचे १२० तास, लॅबचे ८० आणि वॉर्डाचे १६०. दुसऱ्यात वॉर्डाचेच ३२०. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते, आणि पदवी मिळण्याआधी प्रात्यक्षिकाचे सगळे तास शंभर टक्के भरून द्यावे लागतात. म्हणजे चतुर्थीला पाच दिवस जास्त गावी राहिली तर ते तास कधीतरी भरायचेच आहेत. पहिल्यांदा मेलेलं माणूस बघितल्यावर ती घरी येऊन जेवणार नाही, तेव्हा "हे काम तुला झेपेल का" असं विचारू नका. ताट झाकून ठेवा आणि जवळ बसा.

प्रवेश झालाय आणि कॉलेज सुरू व्हायला अवकाश आहे, अशा मुली मला विचारतात की आधीपासून काय वाचू. पुस्तक नको. सेकंदकाटा असलेलं एक घड्याळ घे. दुपारी आजी झोपली की तिच्या जवळ बस, तिला कळू न देता पूर्ण एक मिनिट तिच्या छातीकडे बघ आणि श्वास मोजून वहीत तारीख-वेळ घालून लिही. आठवडाभर रोज. मग ती जिना चढून आल्यावर मोज. मग तिला सर्दी झाली असेल त्या दिवशी मोज. आकडा अंदाजाने लिहावासा वाटेल, तेव्हा पुन्हा मोज.